बाथमधलं मीठ

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या प्लेटिंगच्या गाळ्यात जॉब, म्हणजे मुलामा द्यायची वस्तू, लटकवतात ऋण टोकाला. निकेल तिथेच चढतं. वाहक पॉलिमरचं, म्हणजे वीज वाहणाऱ्या प्लास्टिकचं, उलटं, तो धरतो धन टोकावर. पाण्यात थोडा पायरोल (ज्याच्या रेणूंची साखळी होऊन पॉलिमर बनतो तो द्रव), थोडं मीठ, संदर्भ इलेक्ट्रोडच्या (व्होल्ट मोजायला धरलेल्या स्थिर टोकाच्या) तुलनेत साधारण ०.७ ते ०.८ व्होल्ट, की काही मिनिटांत पट्टीवर काळी साय. बाटलीतला पायरोल आधी ऊर्ध्वपातन करून घ्यायचा मात्र. उघडा राहिला तर तो स्वतःच तपकिरी होऊन बसतो.

अशी साय पहिल्यांदा नोंदवली १८६२ मध्ये लंडनच्या हेन्री लेथबी यांनी, अ‍ॅनिलिन सल्फेटमधून वीज सोडून. प्लॅटिनमवर निळसर थर बसला. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या डायस्टफ कारखान्यांत राबलेल्यांना अ‍ॅनिलिन नवं नाही, पण त्यातून वीज वाहणारं प्लास्टिक निघेल हे तेव्हा कुणाच्या मनातही नव्हतं. शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांचं वीज वाहणारं प्लास्टिक, पॉलिअ‍ॅसिटिलीन, १९७७ चं, नोबेल २००० चं. ती गोष्ट सगळे सांगतात. १९७९ मध्ये आयबीएमच्या सॅन होजे प्रयोगशाळेत डियाझ आणि सहकाऱ्यांनी विजेने पॉलिपायरोलचा, म्हणजे पायरोलच्या पॉलिमरचा, सलग, सोलून काढता येणारा पापुद्रा मिळवला, ते मात्र फारसं कुणी सांगत नाही.

खरी गंमत मिठात आहे. साय धरताना पॉलिमरच्या साखळीत दर तीन-चार कड्यांमागे एक धनभार तयार होतो आणि तो फेडायला बाथमधला, म्हणजे टाकीतल्या द्रावणातला, मिठाचा ऋण आयन आत शिरतो. क्लोराइड असेल तर वीज उलटी केली की बाहेर. लोकलच्या दारातला प्रवासी, स्टेशन आलं की उतरतो. १९८० च्या दशकात मिठाऐवजी पॉलिइलेक्ट्रोलाइट, म्हणजे पॉलिस्टायरीन सल्फोनेटसारखी भारलेली लांब साखळी घालून पाहिली गेली. ही पॉलिमरमध्येच गुंतते, उतरणार कुठून? मग हिशेब जुळवायला बाहेरून सोडियम आत येतो. त्याच पदार्थाने एका मिठात ऋण आयनांची ये-जा करायची आणि दुसऱ्यात धन आयनांची! मेंदूतले संकेत टिपणाऱ्या इलेक्ट्रोडवर असे थर चढवले गेले.

याच साखळीने पेडॉट या दुसऱ्या वाहक पॉलिमरचंही नशीब उघडलं. बायरने शोधलेला हा पॉलिमर कशातच विरघळत नव्हता. सल्फोनेटच्या पाण्यात घडवला तेव्हा गडद निळं, फासता येणारं द्रावण मिळालं. इथे वीज नाही, रसायनानेच काम. पहिलं मोठं गिऱ्हाईक आग्फा, फोटो फिल्मवरचा स्थिर भार घालवायला. फिल्म घासली की ठिणगी पडायची आणि निगेटिव्हवर फांद्या फुटल्यासारखा डाग उमटायचा. जुन्या स्टुडिओवाल्याला विचारा, त्याने तो पाहिलेला असतो.