'जेसन'चे मालक आणि त्याचा हिरवा रंग

लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये गडद हिरव्या रंगाचं एक छोटं दुपंखी विमान टांगलेलं आहे. अंगावर चंदेरी अक्षरं: जी-एएएएच. हेच अ‍ॅमी जॉन्सनचं 'जेसन'. ५ मे १९३० रोजी ती क्रॉयडनहून एकटी निघाली आणि २४ मेला ऑस्ट्रेलियात डार्विनला उतरली. इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया एकटीने उडत जाणारी ती पहिली स्त्री.

विमान मात्र जुनं, वापरलेलं होतं. डी हॅविलँड कंपनीचं हे जिप्सी मॉथ १९२८ सालचं. त्याच वर्षी ब्रिटिश नोंदणीत जी-एएएए पासून नवी मालिका सुरू झाली होती, आणि त्या क्रमात हे आठवं. जुन्या विमानाचा माग काढणाऱ्याला पहिला आधार या अक्षरांचाच. देशात मालक बदलला तरी सहसा अक्षरं तीच राहतात, त्यामुळे खरेदी-विक्री नोंदवहीत ओळीने सापडते. अ‍ॅमीच्या आधी ते शर्यती जिंकणाऱ्या कॅप्टन होप यांच्याकडे होतं. अ‍ॅमीच्या वेळी किंमत पडली ६०० पौंड. निम्मे वडिलांनी दिले, निम्मे तेलसम्राट लॉर्ड वेकफील्ड यांनी. 'जेसन' हे नावही वडिलांच्या हल शहरातल्या मासळीच्या धंद्याचं व्यापारी चिन्ह.

रंगाचा माग काढणं याहून कितीतरी अवघड. मॉथचे पंख म्हणजे लाकडी सांगाड्यावर ताणलेलं लिननचं, म्हणजे जवसाच्या धाग्यांचं, कापड. त्यावर डोप नावाचं रसायन फासलं की कापड आखडून ताठ होतं, आणि रंग चढतो तो त्यावर. कापड बदललं की खालचे सगळे थर कापडासकट जातात. जुना रंग टिकलाच तर धातूच्या भागांवर, इंजिनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा पट्ट्यांखाली. काळ्या-पांढऱ्या फोटोंवरही फार भिस्त ठेवता येत नाही. त्या काळच्या काही फिल्मवर लाल रंग जवळजवळ काळा उमटायचा आणि निळा फिकट.

'जेसन'चं कापड तर वाटेतच जागोजागी फाटलं. कराचीहून अलाहाबादला जाताना इंधन कमी पडलं म्हणून अ‍ॅमी झाशीच्या परेड मैदानावर उतरली. तिथे पंखाला मार बसला आणि स्थानिक सुताराने तो दुरुस्त केला. रंगूनजवळ इनसीनला पंख पुन्हा मोडला. तेव्हा ठिगळांसाठी जे शर्ट फाडले, ते महायुद्धातून उरलेल्या विमानाच्याच कापडाचे शिवलेले होते. मला या सगळ्या प्रवासातली ही सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. पुढे जावामध्ये बांबूच्या खुंट्यांनी पंखांना भोकं पाडली, ती चिकटपट्टीने बुजवली. २९ मेला ब्रिस्बेनला उतरताना तर विमान उलटलंच.

यातलं काहीही नोंदणीच्या कागदांवर येत नाही. तिथे फक्त मालकाचं नाव आणि तारीख. झाशीचा सुतार आणि इनसीनचे शर्ट आपल्याला कळतात ते अ‍ॅमीने स्वतः सांगितलं आणि तेव्हाच्या वर्तमानपत्रांनी छापलं म्हणून. एखाद्या जुन्या विमानाला त्याचा मूळ रंग परत द्यायचा असेल, तर नोंदवहीइतकाच वेळ वैमानिकाची पत्रं, कारखान्याची बिलं आणि दुरुस्तीच्या टिपणांना द्यायला हवा.