भार लाकडावर, भर विटांची: पेकॉक्स हाऊसची पार्श्वभूमी

इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात कॉगशल नावाचं जुनं बाजारपेठेचं गाव आहे. तिथल्या पेकॉक्स हाऊसकडे रस्त्यावरून पाहिलं की लाकडी पट्ट्यांमधल्या विटा डोळ्यांत भरतात. पण त्या विटा काढून घेतल्या तरी घर पडणार नाही. सगळा भार ओकच्या खांबांवर आणि तुळयांवर आहे, विटा फक्त मधल्या जागा बुजवतात. पुण्याचे जुने वाडे ज्यांनी आतून पाहिलेत त्यांना हे लगेच उमगेल.

सुमारे १५०९ मध्ये हे घर थॉमस पेकॉक या कापडाच्या व्यापाऱ्यासाठी उभं राहिलं. एसेक्सच्या या पट्ट्यात लोकरीच्या कापडाचा धंदा तेव्हा भरात होता, आणि तो पैसा घराच्या तोंडावर दिसतो. वरचा मजला रस्त्याच्या बाजूला पुढे आलेला. त्याखालच्या लांब आडव्या तुळईवर वेलबुट्टी, वेलीत दडलेल्या छोट्या आकृत्या, आणि मालकाच्या नावाची आद्याक्षरं कोरलेली. उभे खांब इतके जवळजवळ आहेत की मजबुतीसाठी तेवढ्यांची गरजच नव्हती. एवढा ओक वापरणं परवडतं, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून ते तसे लावले.

मला या बांधणीत सगळ्यात मोठं वाटतं ते सुतारांचं काम. ओक वाळवत बसत नसत, ओला असतानाच तासत. एका लाकडाची कूस, म्हणजे टोकाला तासून काढलेली जीभ, दुसऱ्याच्या खाचेत बसवायची आणि आरपार लाकडी खुंटी ठोकायची. पुढे लाकूड वाळताना आकसतं आणि थोडं वाकतंही, म्हणून अशा घरांत सरळ रेषा शोधू नये. सांगाडा आधी सुताराच्या आवारात जमिनीवर जुळवत, प्रत्येक सांध्यावर रोमन आकड्यांसारख्या खुणा कोरत, मग सुटा करून जागेवर नेत. शेकडो वर्षांच्या घरांत त्या खुणा आजही हाताला लागतात.

खांबांमधली जागा बहुतेक घरांत कुडानं भरलेली असे: काठ्यांची वीण, वर माती, गवताचा भुगा आणि शेण. वीट मागाहून आली. रोमन गेल्यावर इंग्लंडात वीटभट्ट्या कित्येक शतकं थंडच होत्या. पुन्हा विटा भाजल्या गेल्या त्यातल्या अगदी सुरुवातीच्या, साधारण १२२० च्या, याच कॉगशलच्या मठात सापडतात. ट्यूडर राजघराण्याच्या काळात, म्हणजे साधारण सोळाव्या शतकात, वीट प्रतिष्ठेची झाली. उघड्या चुलीऐवजी विटांची धुराडी आली, आणि कुडाच्या जागी तिरप्या, माशाच्या काट्यासारख्या रचलेल्या विटा दिसू लागल्या. १६६६ च्या आगीनंतर लंडनमध्ये बाहेरच्या भिंती विटांच्या किंवा दगडाच्याच असाव्यात असा कायदा झाला, आणि शहरातली लाकडी बांधणी मागे पडली.

पेकॉक्स हाऊसचा दर्शनी भागही नंतर गिलाव्याखाली गेला. १९०४ मध्ये नोएल बक्स्टन यांनी घर विकत घेऊन तो मोकळा करवला, आणि १९२४ मध्ये घर नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला दिलं. आज दिसतं त्यातलं बरंच काम त्या दुरुस्तीचं आहे.

अशा घरांचा खरा घात सिमेंट करतं. विटांचे सांधे चुन्याचे असले की आत शिरलेलं पाणी वाळून बाहेर पडतं, लाकूड हललं तरी चुना थोडं सोसतो. सिमेंट भरलं की चीर पडते, पाणी आतच अडकतं, आणि विटेला टेकलेला ओक आतून कुजायला लागतो.