घरगुती वर्कशॉपमधील थ्री फेज वीज (मुंबई)

लेथ, मिलिंग मशीन, शेपर, ग्राइंडर या यंत्रांच्या थ्री फेज मोटरी घरच्या घरी चालवण्यासाठी करायची विजेची सोय. मुंबईतल्या बहुतेक घरांत २३० व्होल्टचा सिंगल फेज पुरवठा येतो. एखाद्या गाळ्यातून निघालेले जुने लेथ विकत घेतले, की नेमप्लेटवर ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ, तीन फेज असे लिहिलेले सापडते. मग चार मार्ग उरतात : मीटर थ्री फेज करून घेणे, मोटर बदलणे, रोटरी कन्व्हर्टर बसवणे किंवा व्हीएफडी (सिंगल फेजमधून थ्री फेज तयार करून मोटरीचा वेगही बदलणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण), म्हणजे बाजारात ज्याला नुसते ‘ड्राइव्ह’ म्हणतात, तो लावणे.

मोटर बदलणे सर्वांत सोपे वाटते, पण चांगल्या लेथच्या बाबतीत तो तोट्याचा सौदा आहे. सिंगल फेज मोटरीला मिळणारी शक्ती सेकंदाला १०० वेळा चढते-उतरते आणि बारीक फिनिशिंगच्या कटावर ती थरथर उमटू शकते. तीन फेजमध्ये शक्ती सलग मिळते. शिवाय मोटरीत जळणारा कंडेन्सर नसतो, बिघडणारा सेंट्रिफ्युगल स्विच नसतो आणि कोणत्याही दोन फेजच्या वायरी अदलाबदल केल्या की फिरण्याची दिशा उलटते. बेंच ग्राइंडर किंवा छोट्या ड्रिलला मात्र सिंगल फेज मोटर पुरते.

थ्री फेज मीटरसाठी अर्ज आपल्या भागातल्या वीज कंपनीकडे करायचा : शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी किंवा टाटा पॉवर, भांडुप-मुलुंडकडे महावितरण. मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो आणि परवानाधारक ठेकेदाराकडून वायरिंगची तपासणी करून घ्यावी लागते. खरी अडचण बहुधा इमारतीतच असते. मीटर रूममध्ये जागा हवी, वर येणारी केबल जाड हवी, सोसायटी राजी हवी. लिफ्ट आणि पाण्याच्या पंपाची थ्री फेज लाइन त्याच जिन्यातून जाते, पण तिच्यावरून घरच्या यंत्राला वीज घेणे म्हणजे सगळ्या सभासदांच्या बिलावर यंत्र चालवणे. घरगुती मीटरवर पैसे घेऊन कामे करू लागल्यास विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरू शकतो. तीन-चार यंत्रे असतील आणि जागा स्वतःची असेल, तर या खटाटोपाचे चीज होते.

गावाकडे शेतपंपाला तिसरी फेज मिळाली नाही, की कंडेन्सर लावून मोटर ओढून नेतात. तोच उपाय लेथवर सुचवणारे भेटतात. त्यात तिन्ही वाइंडिंगचे (मोटरीतल्या तारेच्या गुंडाळ्यांचे) करंट सारखे राहत नाहीत, मोटर तापते आणि सुरुवातीचा जोर इतका कमी मिळतो की जड चक (लेथवर काम पकडून फिरवणारा भाग) नुसता गुरगुरत राहतो. रोटरी कन्व्हर्टर याहून बरा : एक मोठी थ्री फेज मोटर सिंगल फेजवर रिकामी फिरवायची आणि तिच्या तिसऱ्या वाइंडिंगमधून तिसरी फेज घ्यायची. एकावर अनेक यंत्रे चालतात. पण ती मोटर सतत घोंघावते, आणि ४१५ व्होल्ट हवे असतील तर ट्रान्सफॉर्मरही लागतो. चाळीत किंवा फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांच्या भिंतीला लागून हे चालवू नये.

एका यंत्रासाठी ड्राइव्हच घ्यावा. सिंगल फेजवर चालणारे ड्राइव्ह साधारण ३ हॉर्सपॉवरपर्यंत (२.२ किलोवॅट) सहज मिळतात. मात्र २३० व्होल्ट आत गेले की बाहेरही २३० व्होल्टच तीन फेज येतात, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. उत्तर मोटरीच्या टर्मिनल बॉक्समध्ये असते. ४१५ व्होल्टला स्टारमध्ये (तिन्ही वाइंडिंगचे एकेक टोक एकत्र बांधून) जोडलेल्या मोटरीच्या प्रत्येक वाइंडिंगवर २४० व्होल्टच पडतात, म्हणून टोके जोडणाऱ्या पट्ट्या फिरवून ती डेल्टा (तिन्ही वाइंडिंग त्रिकोणात जोडलेली) केली की ड्राइव्हवर पुरा जोर देते. जिथे सहाऐवजी तीनच टोके बाहेर आहेत, तिथे वाइंडिंगवाल्याकडून आतला स्टार जोड उकलून घ्यावा लागतो. मुळातच ४१५ व्होल्टला डेल्टा असलेली मोटर २३० व्होल्टवर जेमतेम २८ हर्ट्झपर्यंतच पूर्ण टॉर्क (फिरवण्याचा जोर) देते, त्यापुढे तिची ताकद गळत जाते. म्हणून जुने यंत्र घेताना लोखंडी बेडाची झीज पाहावी तितक्याच बारकाईने हे झाकण उघडून पाहावे.

दोन हॉर्सपॉवरचा असा ड्राइव्ह पूर्ण भाराला सुमारे १५ अँपिअर ओढतो. त्याला स्वतंत्र एमसीबी, स्वतःची जाड वायर आणि खात्रीचे अर्थिंग द्यावे. लेथचा जुना स्टार्टर किंवा उलट-सुलट फिरवायचा ड्रम स्विच ड्राइव्ह आणि मोटर यांच्या मध्ये ठेवू नये. चालू भारात तो तोडला तर ड्राइव्ह जळू शकतो. तेच स्विच ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलला जोडावेत. चक आट्याचा असेल तर उलट दिशा बंद ठेवावी, कारण चालत्या यंत्रात तो सुटून अंगावर येतो. वीज गेल्यावर ती परत येताच यंत्र आपोआप सुरू होणार नाही, याची सेटिंगही तपासावी. मोटर फार हळू चालवली तर तिच्याच शाफ्टवरचा पंखाही मंदावतो आणि मोटर तापते; बराच वेळ हळू काम करायचे असेल तर गिअर किंवा बेल्ट बदलणे बरे.

ड्राइव्ह यंत्रापासून थोडा दूर, भिंतीवर उंच लावावा. त्याचा पंखा लोखंडाचा बारीक भुगा आत ओढतो. पावसाळ्यातल्या दमट, खारट हवेत तोच भुगा सर्किटवर बसून शॉर्ट करतो. म्हणून गाळणी लावलेली बंदिस्त पेटी हवी, आणि साफ करायला उघडताना वीज बंद केल्यावर दहा मिनिटे थांबून मगच हात घालावा; आतले कंडेन्सर सव्वातीनशे व्होल्ट धरून असतात.