देवास

मध्य प्रदेशातील जिल्ह्याचे ठाणे व पवारांच्या दोन संस्थानांची एके काळची राजधानी. माळव्याच्या पठारावर, इंदूरच्या ईशान्येस सुमारे ३५ किमी.वर हे शहर वसले आहे. मोठा दवाखाना, लग्नाचा बस्ता, विमान यांसाठी देवासकर इंदूर गाठतात. म्हणून देवासला इंदूरचे उपनगर समजण्याची चाल पडली आहे. ती बरोबर नाही. इंदूर होळकरांचे, देवास पवारांचे, आणि पवारांनी इथे चालवलेली राज्याची घडी वेगळीच होती.

तुकोजीराव आणि जिवाजीराव हे भाऊ पहिल्या बाजीरावाबरोबर माळव्यात उतरले. १७२८ च्या सुमारास इथला मुलूख दोघांत मिळून त्यांच्याकडे आला. पुढे वाटणी झाली, पण राजधानी एकच राहिली. थोरल्याच्या वंशाची थोरली पाती, धाकट्याच्या वंशाची धाकटी पाती. दोन गाद्या, दोन राजवाडे, दोन दरबार. १८१८ चा इंग्रजांशी तह दोघांनी मिळून केला. १८४१ नंतर कारभार पुरता वेगळा झाला, तरी दोन्हींची गावे एकमेकांत गुंतलेलीच होती. खुद्द शहरात मुख्य रस्त्याची एक बाजू थोरल्या पातीची, दुसरी धाकटीची. पाण्याची सोय निराळी, दिवाबत्तीही निराळी. समोरासमोरच्या दुकानदारांचे राजे वेगळे! १९४७ मध्ये थोरल्या पातीचे विक्रमसिंहराव कोल्हापूरला दत्तक जाऊन शहाजी छत्रपती झाले. ते राजर्षी शाहूंच्या लेकीचे चिरंजीव. १९४८ मध्ये दोन्ही संस्थाने ‘मध्य भारत’ या तेव्हाच्या राज्यात विलीन झाली.

शहराच्या मधोमध टेकडी आहे. तिच्यावर तुळजाभवानी ही ‘बडी माता’ आणि कातळात कोरलेली चामुंडा ही ‘छोटी माता’. नवरात्रात इंदूरची मराठी घरेही दर्शनाला येतात.

गाण्याच्या बाबतीत मात्र देणारे शहर देवास ठरले. इथले रजब अली खाँ यांच्या गायकीचा ठसा इंदूरच्या अमीर खाँ यांच्यावर उमटला. १९४८ मध्ये क्षयाने आजारी असलेले कुमार गंधर्व कोरड्या हवेसाठी इथे राहायला आले. काही वर्षे त्यांना गाण्याची मनाई होती. अंथरुणावर पडून ते कानावर येणारी माळवी लोकगीते आणि नाथपंथी जोग्यांची भजने ऐकत राहिले. त्या लोकधुनांतून त्यांनी पुढे मालवती, संजारी यांसारखे ‘धुनउगम’ राग बांधले, आणि कबीराची निर्गुणी भजने मैफलीत आणली. एक फुप्फुस जवळपास निकामी झाल्यावर लहान लहान, टोकदार स्वरवाक्यांची त्यांची गायकी घडली. ती देवासच्या मुक्कामाशिवाय कल्पिताच येत नाही. टेकडीच्या पायथ्याशी ‘भानुकुल’ या घरात ते अखेरपर्यंत, म्हणजे १९९२ पर्यंत राहिले. मुंबई-पुण्याची मैफल गाजवणाऱ्या गवयाने बिऱ्हाड इथून हलवले नाही, ही देवासकरांच्या अभिमानाची गोष्ट आहे आणि ती रास्त आहे.

१९७४ पासून इथे सरकारी नोटांचा छापखाना आहे. पंप, औषधे, चामडे यांचे कारखानेही आहेत. कारखाने आले, पाणी पुरेना. एके काळी रेल्वेने पाणी आणावे लागले. शेततळी खोदण्याची या जिल्ह्यातली मोहीम त्याच टंचाईतून उभी राहिली. महसुली कारभारात देवास जिल्हा इंदूरकडे नाही, उज्जैन विभागात मोडतो.