खासगी क्लाउडमधील आयपी पत्तावाटप व दोषशोधन

खासगी क्लाउडमधील आयपी पत्तावाटप : एखाद्या संस्थेने स्वतःच्या सर्व्हरवर उभारलेल्या क्लाउडमध्ये प्रत्येक व्हर्च्युअल मशीनला (सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी संगणकाला) नेटवर्कवरील पत्ता पुरवणारी व्यवस्था. ती अडल्यास कारण शोधण्याची जबाबदारी संस्थेच्याच नेटवर्क विभागावर येते. नाशिकमध्ये सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात अथवा अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत असा क्लाउड उभारायचा झाल्यास तो बहुधा आधीपासून चालू असलेल्या लॅनवरच (संस्थेच्या अंतर्गत नेटवर्कवरच) बसवावा लागतो, आणि पुष्कळ दोष या सांध्यातच निघतात.

पत्ते आपोआप देण्याची पद्धत क्लाउडच्या बरीच आधीची आहे. १९८४ मध्ये रार्प, सप्टेंबर १९८५ मध्ये बूटपी आणि ऑक्टोबर १९९३ मध्ये डीएचसीपी हे प्रोटोकॉल, म्हणजे संगणकाला नेटवर्कवरून पत्ता मिळवून देणारे संदेशांचे नियम, मांडले गेले. डीएचसीपीचे आज प्रचलित असलेले रूप मार्च १९९७ च्या आरएफसी २१३१ या इंटरनेट-मानकांच्या मालिकेतील दस्तऐवजातील आहे. डीएचसीपी हा स्वतंत्र प्रोटोकॉल मानावा की बूटपीचा विस्तार, याविषयी दोन्ही प्रकारची मांडणी आढळते. संदेशाचा साचा आणि ६७ व ६८ हे पोर्ट क्रमांक कायम राहिल्यामुळे विस्तार मानणे अधिक सयुक्तिक दिसते; ठरावीक मुदतीपुरता पत्ता देण्याची, म्हणजे लीजची, कल्पना मात्र निश्चितच नवी होती. खासगी क्लाउड ही संज्ञा साधारणपणे २००८ च्या सुमारास रूढ झाली असावी. ओपनस्टॅक हा खासगी क्लाउड उभारण्याच्या मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प नासा व रॅकस्पेस यांनी २०१० मध्ये जाहीर केला.

दोषशोधनात एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी लागते : खासगी क्लाउडमध्ये पत्ता ठरणे आणि तो मशीनपर्यंत पोहोचणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. ओपनस्टॅकच्या न्यूट्रॉन या नेटवर्क सांभाळणाऱ्या घटकात मशीन सुरू होण्यापूर्वीच तिच्या पोर्टची (नेटवर्कला जोडणाऱ्या आभासी जोडणीची) नोंद होऊन मशीनचा मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) व आयपी पत्ता डेटाबेसमध्ये लिहिला जातो. डीएनएसमास्क हा डीएचसीपी सर्व्हर पुढे ठरलेलाच पत्ता मशीनला सांगतो. ओपननेब्युला या दुसऱ्या क्लाउड सॉफ्टवेअरमध्ये तर ही माहिती सहसा मशीनला जोडलेल्या आभासी सीडीतून जाते आणि डीएचसीपी लागतच नाही. म्हणून क्लाउडच्या व्यवस्थापन-पडद्यावर (डॅशबोर्डवर) पत्ता दिसतो आणि मशीनमध्ये तो नाही, यात विसंगती नसते. नोंद झालेली असते, पण ती पोहोचलेली नसते.

तपासणी मशीनच्या कन्सोलपासून करणे सोयीचे. तेथे १६९.२५४ ने सुरू होणारा, म्हणजे मशीनने स्वतःच घेतलेला, पत्ता दिसल्यास तिच्या डीएचसीपी विचारणेला उत्तर आले नाही असे समजावे. त्यानंतर टीसीपीडम्प या संदेश टिपणाऱ्या साधनाने मशीनचा टॅप इंटरफेस (होस्टवरील, म्हणजे मशीन चालवणाऱ्या सर्व्हरवरील, तिच्या जोडणीचे टोक), ब्रिज (होस्टमधील आभासी स्विच) आणि प्रत्यक्ष नेटवर्क कार्ड या क्रमाने ६७ व ६८ पोर्टवरील संदेश पाहावेत. मशीनचा पत्ता मागणारा डिस्कव्हर संदेश कार्डातून बाहेर पडूनही सर्व्हरपर्यंत जात नसेल, तर स्विचच्या ट्रंक पोर्टवर (अनेक व्हीलॅन वाहणाऱ्या जोडणीवर) मशीनचा व्हीलॅन, म्हणजे लॅनचा वेगळा केलेला आभासी भाग, घातलेला नसणे हे नेहमीचे कारण. ब्रिजवर स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये संदेश गोल फिरू न देणारी व्यवस्था) चालू असल्यास नवे पोर्ट १५ अधिक १५ सेकंद संदेश पुढे पाठवत नाही आणि तेवढ्यात घाईचा क्लायंट प्रयत्न सोडून देतो. सर्व्हरचे उत्तर, म्हणजे ऑफर, टॅपवर दिसते, तरी मशीन पुन्हा पुन्हा डिस्कव्हरच पाठवते, असे झाल्यास यूडीपी चेकसमची (संदेश बिनचूक आला का हे पडताळणाऱ्या बेरजेची) शंका घ्यावी : सर्व्हर व मशीन एकाच होस्टवर असताना चेकसम भरण्याचे काम कार्डावर सोडलेले असते, पण संदेश कार्डापर्यंत जातच नाही, आणि काही जुने क्लायंट असा संदेश टाकून देतात. होस्टच्या आयपीटेबल्स या लिनक्स फायरवॉलमध्ये चेकसम भरण्याचा नियम घातल्यास हे थांबते. भलत्याच श्रेणीतला पत्ता मिळाला, तर जुन्या लॅनवरील राउटरही पत्ते वाटत आहे काय ते पाहावे.

मशीनची ओळख कशावरून पटवायची, हा प्रश्न सर्वांत गुंतागुंतीचा आहे. आरएफसी २१३१ नुसार क्लायंटने स्वतःचा आयडेंटिफायर पाठवला, तर सर्व्हरने मॅक ॲड्रेसऐवजी तोच प्रमाण मानायचा असतो. सिस्टमडी-नेटवर्कडी ही लिनक्समधील नेटवर्क सेवा हा आयडेंटिफायर सामान्यतः मशीन-आयडी या फाइलवरून तयार करते. टेम्पलेट (नव्या मशीन काढण्यासाठीची मूळ प्रत) बनवताना ती फाइल तशीच राहिली, तर त्यावरून काढलेल्या सर्व मशीन, मॅक वेगवेगळे असूनही, सर्व्हरला एकच वाटतात आणि त्यांना एकच पत्ता मिळू शकतो. पत्ते मॅकनुसार राखून ठेवणाऱ्या व्यवस्थेत हा दोष बराच काळ झाकलेला राहतो. टेम्पलेट बंद करण्यापूर्वी ती फाइल रिकामी करणे, अथवा नेटप्लॅन या नेटवर्क-मांडणीच्या साधनात ओळखीसाठी मॅक वापरण्याची सूचना देणे, हे दोन उपाय आहेत; पहिला अधिक मुळाशी जाणारा आहे. जुन्या लिनक्स टेम्पलेटमध्ये यूडेव्हच्या (उपकरणांना नावे देणाऱ्या सेवेच्या) नियमांत मूळ मॅक नोंदलेला राहिल्याने कार्डाचे नाव ईथ० ऐवजी ईथ१ होते आणि ईथ० साठी लिहिलेली मांडणी लागू होत नाही.

बिघाड दिसण्याची वेळही फसवी असते. न्यूट्रॉनमधील लीजची मुदत मूळ मांडणीत २४ तास असते. डीएचसीपी एजंट (न्यूट्रॉनचा पत्ते पोहोचवणारा भाग) बंद पडला तरी चालू मशीन मुदत संपेपर्यंत काम करत राहतात, आणि आदल्या दिवशीचा बिघाड दुसऱ्या दिवशी उघड होतो. याउलट पत्ता मिळतो, पिंगही चालते, पण मोठ्या फाइल अडकतात, हा पत्तावाटपाचा दोष नव्हे : व्हीएक्सलॅनचे (होस्टांदरम्यान आभासी नेटवर्क वाहून नेणाऱ्या पद्धतीचे) वेष्टन ५० बाइट घेते, त्यामुळे १,५०० बाइट एमटीयूच्या (एका संदेशाच्या कमाल आकाराच्या) नेटवर्कवर मशीनचा एमटीयू १,४५० ठेवावा लागतो.

आयपीव्ही६ या आयपीच्या नव्या आवृत्तीत राउटरच्या घोषणेवरून मशीन स्वतःचा पत्ता बनवू शकते; तेथे डीएचसीपी सर्व्हर तपासण्याआधी ती घोषणा मशीनपर्यंत येते की नाही हे तपासतात.