फादर मोर्च्यात कशाला? या प्रश्नाला सव्वाशेहून जास्त वर्षांचं वय आहे

वसई स्टेशनबाहेर शेअर रिक्षात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता बोलणाऱ्याकडे मान वळवून बघतही नाही. "फादर लोकांनी चर्चमध्ये मिस्सा करावी ना, मोर्च्यात कशाला येतात?" पाण्याचा प्रश्न असो, जमिनीचा असो नाहीतर कुणाच्या अटकेचा, पांढरा झगा रस्त्यावर दिसला की हे येणारच. गंमत म्हणजे असं बोलणाऱ्यांत निम्मे तरी स्वतः कॅथलिक असतात. म्हणून म्हटलं जरा मागे जाऊन बघू हे सगळं आलं कुठून.

बहुतेक जण सुरुवात करतात १८९१ पासून आणि ते बरोबरच आहे, पण मला वाटतं त्याच्या थोडं आधी छोटानागपूरला, म्हणजे आजच्या झारखंडकडे, जायला हवं. १८८५ मध्ये कॉन्स्टंट लिव्हन्स नावाचा बेल्जियन जेजुइट (जेजुइट हा कॅथलिक फादरांचा एक संघ) फादर तिकडे तोरपाला पोचला आणि त्याच्या लक्षात आलं की आदिवासींचं खरं दुखणं जमीनदार, वेठबिगार आणि कोर्टकचेरी हे आहे. मग हा माणूस जमिनीचे कायदे वाचत बसला आणि लोकांच्या केसेस लढायला मदत करू लागला. पुढे हॉफमन नावाच्या दुसऱ्या जेजुइटाचा १९०८ च्या छोटानागपूर कुळकायद्याच्या मसुद्यात हात होता, आदिवासींच्या जमिनीला संरक्षण देणारा तो कायदा आजही तिकडच्या भांडणांच्या मध्यभागी आहे. आता हेही सांगायलाच हवं की लिव्हन्सच्या मागे हजारोंनी बाप्तिस्मा घेतला, त्यामुळे "सेवा की धर्मांतर" हा संशयही तिथूनच चिकटला तो कायमचा. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, एक सांगून दुसरी लपवली की घोळ होतो.

तर १८९१. पोप तेरावे लिओ यांनी जगभरच्या चर्चला पत्र लिहिलं, रेरुम नोवारुम, विषय कारखान्यातले कामगार. कुटुंब नीट चालेल एवढी मजुरी मिळाली पाहिजे, कामगारांना संघटना करायचा हक्क आहे, रविवारी विश्रांती हवी, वगैरे. क्रांतीबिंती नव्हती हं, समाजवादाला सरळ विरोध आणि खाजगी मालमत्तेला पाठिंबा आहे त्यात. पण एका पोपने मालकाला "मजुरी हा फक्त सौद्याचा विषय नाही" असं सुनावणं ही त्या काळात मोठी गोष्ट होती. आपल्याकडे तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे मुंबईच्या गिरण्यांत हेच भांडत होते आणि १८९० मध्ये त्यांनी रविवारची सुट्टी मिळवलीसुद्धा, म्हणजे पोपच्या पत्राच्या एक वर्ष आधी! लोखंडे रविवार मागत होते खंडोबाचा वार म्हणून, पोप मागत होते देवाचा दिवस म्हणून, आणि गिरणीतल्या माणसाला हवी होती झोप.

२०२५ च्या मे महिन्यात नवे पोप निवडून आले आणि त्यांनी लिओ चौदावे हे नाव घेतलं तेव्हा स्वतःच कारण सांगितलं, की हे मुख्यतः त्या तेराव्या लिओंमुळे, आता एआयमुळे कामगारांपुढे पुन्हा तसाच प्रश्न आलाय. म्हणजे ते जुनं पत्र अजून फायलीत गेलेलं नाही.

मधला मोठा टप्पा म्हणजे दुसरी व्हॅटिकन परिषद, १९६२ ते १९६५. लोकांना लक्षात राहतं ते एवढंच की लॅटिन जाऊन मिस्सा मराठीत आली आणि फादर वेदीकडे तोंड करायचे ते लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले. पण परिषदेच्या शेवटच्या मोठ्या दस्तऐवजाची सुरुवातच अशी आहे की आजच्या माणसांचे, विशेषतः गरिबांचे, आनंद आणि दुःखं ती ख्रिस्ताच्या अनुयायांचीही आनंद आणि दुःखं. परिषद चालू असतानाच डिसेंबर १९६४ मध्ये पोप सहावे पॉल मुंबईला आले होते, परत जाताना वापरलेली गाडी त्यांनी मदर तेरेसांना देऊन टाकली. पुढे लॅटिन अमेरिकेत हे फार टोकाला गेलं, मुक्तीचं ईश्वरविज्ञान, म्हणजे गरिबांची अन्यायातून सुटका हा श्रद्धेचाच भाग मानणारा विचार, आलं, एल साल्वादोरमध्ये आर्चबिशप रोमेरोंना १९८० मध्ये मिस्सा करतानाच गोळी घातली. तो वेगळा आणि मोठा विषय आहे, इथे नको.

वसईला येऊ. इथली वाडी ज्याने पाहिली नसेल त्याला सांगतो, घरामागे विहीर, पूर्वी तिच्यावर रहाट, बाजूला बावखल म्हणजे गोड्या पाण्याचं खोदलेलं तळं, केळी, पानवेली, फुलं, आणि फुलं पहाटेच्या लोकलने दादरला. समुद्र इतका जवळ की जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं, दोरीने किंवा रहाटाने काढा, संपत नाही, पण मोठे पंप लावून उपसलं की खालचं खारं वर येतं आणि एकदा का विहीर मचूळ झाली की ती वाडी गेलीच समजा. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बिल्डर आले, त्यांच्यामागे टँकर आले, आणि १९९० मध्ये नियोजनासाठी सिडको आली. याच काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि इतरांनी हरित वसई संरक्षण समिती उभी केली. दिब्रिटो तेव्हा 'सुवार्ता' मासिकाचे संपादक होते (१९८३ ते २००७), नंदाखालचे, म्हणजे बाहेरून आलेले कोणी नव्हेत, विहिरीचं पाणी पिऊन वाढलेले. दहशतीचा काळ होता, जमिनीच्या व्यवहारात गुंड होते, लोक उघड नाव घ्यायला घाबरायचे. अशा वेळी चर्चचं आवार हीच एक जागा होती जिथे माणसं न घाबरता जमू शकत होती. माझ्या मते वसईचं आंदोलन समजायचं असेल तर ही गोष्ट पोपच्या पत्रांपेक्षा महत्त्वाची आहे. मोर्च्यात लाल लुगड्यातल्या कुपारी (वसईतला एक कॅथलिक समाज) आज्या होत्या, त्यांनी रेरुम नोवारुम कुठे वाचलं होतं? त्यांना विहीर कळत होती. आणि शेजारचे हिंदू शेतकरीही होतेच, टँकर पाणी नेताना धर्म विचारत नव्हता.

पोप फ्रान्सिस यांचं पर्यावरणावरचं पत्र, लाउदातो सी, आलं २०१५ मध्ये. पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकच, असं त्यात आहे. वसईकरांना त्यात नवीन काय वाटणार.

दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हाही "फादर कशाला" हा विरोध झालाच, पाठदुखीने बेजार असताना ते व्हीलचेअरवरून गेले आणि बोलले. जुलै २०२४ मध्ये ते गेले.

त्याच २०२० च्या ऑक्टोबरमध्ये रांचीहून ८३ वर्षांच्या स्टॅन स्वामींना भीमा कोरेगाव प्रकरणात एनआयएने अटक केली. ते जेजुइट, झारखंडमध्ये तुरुंगात खितपत पडलेल्या आदिवासी कच्च्या कैद्यांची माहिती गोळा करणारे, म्हणजे लिव्हन्सच्याच मुलखात लिव्हन्सचंच काम. आरोप त्यांनी नाकारले होते. पार्किन्सन्समुळे हात थरथरायचे, पेला धरता येईना म्हणून तळोजा तुरुंगातून त्यांनी स्ट्रॉ आणि सिपरसाठी अर्ज केला आणि उत्तर द्यायला एनआयएला २० दिवसांची मुदत मिळाली. ५ जुलै २०२१ ला, जामिनाची वाट बघत, ते वांद्र्याच्या हॉस्पिटलमध्ये वारले.

आता घरातलं. बाहेर न्याय मागणाऱ्या चर्चच्या आत जात आहे आणि ती काही थोडीथोडकी नाही. स्टॅन स्वामी ज्या त्रिचीकडचे, त्याच त्रिचीत एका कॅथलिक दफनभूमीत दलितांच्या कबरी वेगळ्या ठेवणारी भिंत आहे. दलित ख्रिश्चनांना, अनुसूचित जाती फक्त हिंदूंपुरत्या ठेवणाऱ्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे, अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत, १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्या मिळाल्या, ख्रिश्चन आणि मुसलमान राहिले, आणि चर्च त्यासाठी दिल्लीत धरणं धरतं. धरावंच. पण भारतीय बिशपांनी दलित सक्षमीकरणाचं स्वतःचं धोरण जाहीर केलं ते थेट २०१६ मध्ये, आणि पहिला दलित कार्डिनल (पोपच्या खालोखालचं पद), हैदराबादचे अँथनी पूला, झाला २०२२ मध्ये.