ड्राफ्ट बस्ट : अमेरिकन फुटबॉलमधली पारख आणि फसलेल्या निवडी

अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, दरवर्षी महाविद्यालयीन खेळाडूंची जी निवड होते तिला ड्राफ्ट म्हणतात. या निवडीत फार वरच्या क्रमांकावर घेतलेला आणि पुढे व्यावसायिक मैदानावर अपेक्षेच्या जवळपासही न पोचलेला खेळाडू म्हणजे ‘बस्ट’. मराठीत त्याला फुसका बार म्हणता येईल. सहाव्या फेरीत घेतलेला मुलगा दोन वर्षांत घरी परतला तर त्याला कुणी बस्ट म्हणत नाही. तोच खेळ पहिल्या पाचांत घेतलेल्याने केला तर हे नाव त्याला जन्मभर चिकटते. शब्द खेळाडूच्या वाट्याला येतो. प्रत्यक्षात तो मोजतो ती निवडणाऱ्यांच्या अंदाजातली चूक. या नोंदीत दोन्हींचा विचार एकत्र केला आहे, कारण पारख कशी होते हे कळल्याशिवाय ती कुठे फसते हे कळत नाही.

आयपीएल किंवा प्रो कबड्डीचा लिलाव पाहिलेल्या वाचकाला ड्राफ्टमधला मोठा फरक लगेच जाणवेल : इथे बोली नसते. मागच्या हंगामात सर्वांत वाईट खेळलेला संघ सर्वांत आधी निवडतो आणि विजेता शेवटी. सात फेऱ्या, ३२ संघ, अडीचशेच्या आसपास खेळाडू. संघ आपला क्रमांक दुसऱ्या संघाला देऊन त्याबदल्यात इतर क्रमांक किंवा खेळाडू घेऊ शकतो आणि मोठमोठ्या चुका बहुधा याच सौद्यांत होतात. शालेय शिक्षण संपून तीन वर्षे झाल्याखेरीज कुणाला ड्राफ्टमध्ये उतरता येत नाही, म्हणून महाविद्यालयीन फुटबॉल हीच या लीगची शाळा ठरते.

ही पद्धत फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांच्या कल्पनेतून आली. पहिला ड्राफ्ट १९३६ मध्ये फिलाडेल्फियात एका हॉटेलात झाला. नऊ संघांनी नऊ फेऱ्यांत ८१ खेळाडू निवडले. पहिलाच क्रमांक होता शिकागो विद्यापीठाचा जे बर्वांगर, त्या काळचा सर्वांत गाजलेला महाविद्यालयीन खेळाडू. तो एकही व्यावसायिक सामना खेळला नाही. त्याला बस्ट म्हणणे अन्यायाचे होईल, कारण त्याने दुसरा पेशा पत्करला. पण पहिल्या निवडीनेच पुढच्या इतिहासाची चुणूक दाखवली हे खरे.

पारखीची साधने

सुरुवातीच्या काळात संघ वर्तमानपत्रे, मासिके आणि ओळखीच्या प्रशिक्षकांची पत्रे यांवर विसंबून निवड करत. साठच्या दशकात डॅलस काउबॉइज संघाने हे चित्र बदलले आणि त्या बदलात एका भारतीयाचा मोठा हात होता. संघाचे व्यवस्थापक टेक्स श्रॅम यांनी सलाम कुरेशी या भारतात जन्मलेल्या संख्याशास्त्रज्ञाला गाठले. कुरेशी आयबीएमच्या एका उपकंपनीत काम करत होते. त्यांना क्रिकेट ठाऊक होते, अमेरिकन फुटबॉल नव्हे. खेळाची भाषा न कळण्याचा इथे फायदाच झाला असावा. ‘हा पोरगा खेळाडू वाटतो’ असल्या शेऱ्यांचे संगणकाला काय करता येणार? म्हणून पारख्यांना नेमके प्रश्न विचारावे लागले आणि चारित्र्य, चपळाई, जिद्द, बुद्धीची तत्परता, ताकद अशा गुणांना आकडे द्यावे लागले. आज प्रत्येक संघाच्या दप्तरात असणाऱ्या गुणपत्रिकेचे मूळ या कामात आहे.

पुढचा टप्पा म्हणजे कंबाइन. प्रत्येक संघाने स्वतंत्रपणे वैद्यकीय तपासणी करण्याऐवजी सगळ्या उमेदवारांना एका जागी बोलवावे, या साध्या गरजेतून १९८२ मध्ये टँपा शहरात हे शिबिर सुरू झाले. १९८७ पासून ते इंडियानापोलिसला भरते. आता तिथे तीनशेहून अधिक खेळाडू येतात. ४० यार्ड, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटर, धावण्याची वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजली जाते. १०२ किलोंचे वजन किती वेळा उचलले, उभ्याने किती उंच आणि किती लांब उडी मारली, तळहात किती मोठा आहे, हे सारे नोंदले जाते. त्याशिवाय मुलाखती होतात. अनेक वर्षे वंडरलिक नावाची १२ मिनिटांत ५० प्रश्नांची बुद्धिचाचणीही असे; २०२२ मध्ये ती कंबाइनमधून काढली. अर्ध्या कपड्यांत उभ्या तरुणांची मापे घेताना पाहून बैलबाजाराची आठवण येते, अशी टीका खुद्द खेळाडूंनीही केली आहे आणि ती मनाला लागण्यासारखी आहे.

मोजता येणारी गोष्ट हाताशी असली की न मोजता येणारी मागे पडते. १९९५ मध्ये बॉस्टन कॉलेजच्या माइक मामुलाने कंबाइनमध्ये सगळ्यांना थक्क केले. त्याला सातव्या क्रमांकावर घेण्यासाठी ईगल्सने टँपा बे संघाशी सौदा केला. टँपाने बाराव्या क्रमांकावर वॉरन सॅप आणि पुढे त्याच फेरीत डेरिक ब्रुक्स घेतला. ते दोघेही आज हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, आहेत. मामुला वाईट खेळाडू मुळीच नव्हता, पाच हंगाम तो बऱ्यापैकी खेळला. तरीही कंबाइनपुरता चमकणाऱ्यांची गोष्ट निघाली की त्याचेच नाव घेतले जाते. २००८ मध्ये न्यूयॉर्क जेट्सने सहाव्या क्रमांकावर घेतलेल्या व्हर्नन गोलस्टनचे शरीर तर शिल्पासारखे होते. क्वार्टरबॅकला, म्हणजे चढाई चालवणाऱ्या आणि चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला, चेंडूसकट पाडणे हे त्याचे काम; जेट्ससाठी तीन हंगामांत त्याला ते एकदाही जमले नाही.

महाविद्यालयीन खेळ वेगळा का

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात असे आपण म्हणतो. इथे अडचण अशी की पाळणा आणि अंगण यांची जमीनच वेगळी आहे. महाविद्यालयीन फुटबॉलच्या वरच्या स्तरावर १३० हून अधिक संघ आहेत. एखाद्या बलाढ्य विद्यापीठाचा क्वार्टरबॅक हंगामातले अर्धे सामने अशा बचावाविरुद्ध खेळतो ज्यातले बहुतेक खेळाडू पुढे नोकरीधंद्याला लागणार असतात. त्याच्यासमोर झेल घेणारे सहकारी मोकळे सापडतात. व्यावसायिक लीगमध्ये मोकळा म्हणजे हातभर अंतरावर प्रतिस्पर्धी असलेला. महाविद्यालयात २०२३ पर्यंत चाल बहुतेकदा मैदानाबाहेरून खुणांनी येई आणि ऐन वेळी बदलेही. एनएफएलमध्ये हेल्मेटमधल्या रेडिओवर प्रशिक्षक बोलतो, पण चाल सुरू करण्याच्या मुदतीतले १५ सेकंद उरले की तो आवाज बंद होतो. त्यानंतर समोरचा बचाव काय सोंग घेऊन उभा आहे हे क्वार्टरबॅकला स्वतःच ओळखावे लागते. ही ओळख करून घ्यायला लागणारा वेळ कुठल्याही घड्याळात मोजला जात नाही. म्हणूनच सर्वाधिक फसगत याच जागेवर होते आणि सर्वाधिक हव्यासही याच जागेचा असतो.

लीफ आणि मॅनिंग

१९९८ चा ड्राफ्ट या विषयातला सर्वांत बोलका धडा आहे. टेनेसी विद्यापीठाचा पेटन मॅनिंग आणि वॉशिंग्टन स्टेटचा रायन लीफ यांच्यात पहिला कोण यावर महिनोन्महिने वाद चालला. आज हे विचित्र वाटते, पण तेव्हाच्या अनेक जाणकारांना लीफचा हात अधिक दमदार आणि त्याची वाढ अजून व्हायची आहे असे वाटत होते. इंडियानापोलिस कोल्ट्सने मॅनिंगला घेतले. सॅन डिएगो चार्जर्स संघ तिसऱ्या क्रमांकावर होता. दोघांपैकी एक हमखास मिळावा म्हणून त्यांनी अ‍ॅरिझोनाला पहिल्या फेरीचे दोन आणि दुसऱ्या फेरीचा एक क्रमांक, शिवाय दोन खेळाडू देऊन दुसरे स्थान विकत घेतले.

लीफने पहिले दोन सामने जिंकले. तिसऱ्या सामन्यात, कॅन्सस सिटीविरुद्ध, त्याचे १५ पैकी एकच फेक सहकाऱ्यापर्यंत पोचले. त्यानंतर पत्रकारांवर ओरडणे, सहकाऱ्यांशी खटके, मनगटाची आणि खांद्याची दुखापत. पहिल्या हंगामात २ टचडाउन, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे फेक, आणि १५ इंटरसेप्शन, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेलेले फेक. पूर्ण कारकिर्दीत १४ आणि ३६. तीन वर्षांत चार्जर्सने त्याला सोडले.

इथे एक आकडा नेहमी विसरला जातो. त्याच पहिल्या हंगामात मॅनिंगचे २८ इंटरसेप्शन झाले, नवख्यांमधला तो विक्रम होता, आणि कोल्ट्सने १६ पैकी फक्त तीन सामने जिंकले. म्हणजे केवळ पराभवांकडे पाहून दोघांतला फरक ओळखता आला नसता. मॅनिंग चुका करून दुसऱ्या दिवशी चित्रफितीसमोर बसत होता आणि त्याला सगळेच्या सगळे सामने खेळू देणारा संघ त्याच्या पाठीशी होता. पुढच्या वर्षी कोल्ट्सने तेरा सामने जिंकले. पुढे पाच वेळा सर्वोत्तम खेळाडूचा मान आणि दोन सुपर बोल, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यातले दोन विजय. लीफ मात्र वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनात अडकला, तुरुंगात गेला आणि २०१४ च्या अखेरीस बाहेर आल्यावर व्यसनमुक्तीच्या कामात उतरला. त्याच्या नावाचा उपयोग म्हणीसारखा करणाऱ्यांनी हा उत्तरार्धही सांगायला हवा.

इतर गाजलेल्या निवडी

१९८९ मध्ये ग्रीन बे पॅकर्सने दुसऱ्या क्रमांकावर मिशिगन स्टेटचा लाइनमन, म्हणजे आपल्या क्वार्टरबॅकचे रक्षण करणारा, टोनी मँडरिच घेतला. पहिला ट्रॉय एकमन, तिसरा बॅरी सँडर्स, चौथा डेरिक थॉमस, पाचवा डिऑन सँडर्स. हे चौघेही हॉल ऑफ फेममध्ये गेले. महाविद्यालयात असताना स्टेरॉइड घेत होतो अशी कबुली मँडरिचने बऱ्याच वर्षांनी दिली. दारू आणि गोळ्यांतून सावरून तो इंडियानापोलिसकडून तीन हंगाम नीट खेळला, हेही नोंदले पाहिजे. २००७ चा पहिला क्रमांक जमार्कस रसेल ओकलंड रेडर्सकडून तीनच हंगाम टिकला. त्याच्या मागोमाग पुढे गाजलेले कॅल्विन जॉन्सन आणि जो थॉमस निवडले गेले होते. काहींना दैवानेच दगा दिला. १९९५ चा पहिला क्रमांक की-जाना कार्टर याचा गुडघा सराव सामन्यातच, तिसऱ्यांदा चेंडू हाती घेऊन धावताना, निकामी झाला. त्याला बस्टच्या यादीत टाकणारे पारख आणि अपघात यांत फरक करत नाहीत.

किंमत आणि अतिआत्मविश्वास

२०१० मध्ये पहिला आलेल्या सॅम ब्रॅडफर्डला एकही सामना खेळण्याआधी सहा वर्षांचा ७ कोटी ८० लाख डॉलरचा करार मिळाला. एवढ्या रकमेत एक चूक संघाला वर्षानुवर्षे जखडून ठेवी. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०११ च्या करारनाम्याने नवख्यांच्या मानधनाला मर्यादा घातली आणि त्या वर्षीचा पहिला क्रमांक कॅम न्यूटनला चार वर्षांचे सुमारे २ कोटी २० लाख डॉलर मिळाले.

पैशाची धग कमी झाली, हव्यास नाही. केड मॅसी आणि पुढे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले रिचर्ड थेलर यांनी अनेक वर्षांच्या ड्राफ्टचा अभ्यास करून दाखवले की संघ वरच्या क्रमांकांना अवाजवी किंमत देतात. एकाच जागेसाठी लागोपाठ निवडलेल्या दोन खेळाडूंत आधी निवडलेला सरस ठरण्याची शक्यता त्यांच्या हिशेबात ५२ टक्के निघाली. नाणेफेकीहून किंचित बरी. पारखी अडाणी असतात असा याचा अर्थ नाही. एकूण पाहता वर निवडलेले खेळाडू खाली निवडलेल्यांपेक्षा चांगलेच निघतात. चूक होते ती आपल्याला बारीक फरक कळतो या खात्रीत आणि त्या खात्रीपायी पुढची दोन-तीन वर्षे गहाण टाकण्यात.

निकाल कधी लावायचा

२०१८ च्या पहिल्या फेरीत पाच क्वार्टरबॅक निवडले गेले. क्लीव्हलँडने पहिला घेतलेला बेकर मेफील्ड आणि जेट्सने तिसरा घेतलेला सॅम डार्नल्ड हे दोघेही चार-पाच वर्षांत बस्ट ठरवून दारोदार फिरले. मेफील्डने मग टँपात जम बसवला आणि डार्नल्डने २०२४ मध्ये मिनेसोटाला १४ विजय मिळवून दिले. सातवा जॉश अ‍ॅलन वायोमिंगसारख्या आडबाजूच्या विद्यापीठातला. त्याचे ५६ टक्केच फेक अचूक असत म्हणून आकडेवारीवाल्यांनी त्याला आधीच बाद केले होते. बफेलोने धीर धरला आणि २०२४ च्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. सर्वांत तयार मानला गेलेला दहावा जॉश रोझेन एका वर्षात अ‍ॅरिझोनाने विकला. आणि झेल घेणाऱ्याच्या जागेवर खेळ असा सल्ला ज्याला दिला गेला तो लमार जॅक्सन ३२ वा निवडला गेला. त्याने तो मान दोनदा मिळवला.

उलट दिशेच्या चुकाही आहेत. २००० मध्ये ४० यार्डांना ५.२८ सेकंद घेणारा टॉम ब्रेडी १९९ वा निवडला गेला आणि त्याने सात सुपर बोल जिंकले. सत्तरच्या दशकात पिट्सबर्ग स्टीलर्सचे पारखी बिल नन हे पूर्वी कृष्णवर्णीयांच्या एका वर्तमानपत्रात क्रीडापत्रकार होते. इतर संघ ज्या कृष्णवर्णीय महाविद्यालयांकडे ढुंकूनही पाहत नसत, तिथली माणसे आणि मैदाने त्यांना घरच्यासारखी माहीत होती. अलाबामा ए अँड एमचा जॉन स्टॉलवर्थ ओल्या मैदानावर मंद धावला. बाकीचे पारखी निघून गेल्यावर नन मागे थांबले आणि त्यांनी त्याला पुन्हा धावायला लावले, असे सांगतात. १९७४ च्या त्या एका ड्राफ्टमधून स्टीलर्सने पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेलेले चार खेळाडू मिळवले, त्यांतला एक स्टॉलवर्थ. माझ्या मते या इतिहासातली सर्वांत मोठी पारख हीच.

अलीकडचे ठळक उदाहरण सान फ्रान्सिस्कोचे आहे. २०२१ मध्ये या संघाने पहिल्या फेरीचे तीन क्रमांक आणि वर तिसऱ्या फेरीचा एक क्रमांक देऊन तिसरे स्थान मिळवले आणि ट्रे लान्सला घेतले. लान्स दुय्यम स्तरावरच्या नॉर्थ डकोटा स्टेटकडून एकच पूर्ण हंगाम खेळला होता, त्यातही एकही इंटरसेप्शन न होऊ देता. पुढचा हंगाम कोविडमध्ये गेला. शिकण्यासाठी सामने हवेत, तेच त्याला मिळाले नाहीत. २०२२ च्या दुसऱ्याच सामन्यात त्याचा घोटा मोडला. त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये संघाने सर्वांत शेवटच्या, २६२ व्या क्रमांकावर ब्रॉक पर्डी घेतला होता. डिसेंबरमध्ये दुसराही क्वार्टरबॅक जायबंदी झाल्यावर पर्डी मैदानात उतरला आणि पुढच्या हंगामात त्याने संघाला सुपर बोलपर्यंत नेले. लान्सला ऑगस्ट २०२३ मध्ये डॅलसकडे देण्यात आले. मोबदल्यात चौथ्या फेरीचा एक क्रमांक मिळाला. तेव्हा तो २३ वर्षांचा होता.